नर्सरीत रुळताना: दप्तर पाठीवरून कधी उतरतं?

प्रश्न: मुलगा ऑक्टोबरचा, आता दोन वर्षं आठ महिन्यांचा. १६ जूनला नर्सरी सुरू झाली, वेळ नऊ ते बारा. पहिले तीन दिवस हसत गेला. चौथ्या दिवसापासून फाटकापाशी आकांत करतो, दोनदा उलटीही केली. टीचर म्हणतात, "तुम्ही निघा, दोन मिनिटांत गप्प होतो." सासूबाई म्हणतात, "एवढ्याशा पोराला कशाला छळता? नाव काढून टाका." मी नोकरी करते, त्यामुळे तो सहा महिन्यांचा असल्यापासून दिवसभर त्यांच्यापाशीच असतो. सकाळी त्याला सोडून मी तशीच ऑफिसला जाते आणि दिवसभर जिवाला घोर लागतो. चालू ठेवू की थांबवू?

उत्तर:

आधी चौथ्या दिवसाचं सांगते. तीन दिवस हसत गेलेल्या मुलाने चौथ्या दिवशी भोकाड पसरलं की घरच्यांना वाटतं, शाळेत नक्की काहीतरी झालंय. क्वचित झालेलं असतंही, त्याबद्दल शेवटाकडे लिहिते. पण बहुतेक वेळा घडतं ते इतकंच की मुलाला हिशेब कळतो. जत्रेला गेल्यासारखं आपण घसरगुंडी खेळायला आलो, झालं, असं त्याला वाटत असतं. हे रोजचं आहे आणि घरचं माणूस रोज आपल्याला इथे ठेवून जाणार आहे, हे लक्षात यायला तीन-चार दिवस जातात. म्हणजे तुमच्या मुलाचं डोकं छान चालतंय. पहिल्या दिवसापासून गळा काढणारी मुलं बरेचदा लवकर मोकळी होतात. उशिरा रडायला लागलेल्यांना तिथून पुढे पंधरा-वीस दिवस द्यावे लागतात. तुमचा आज अकरावा दिवस असला, तरी त्याच्या लेखी शाळा चौथ्या दिवशी सुरू झाली.

मी नाशिकला सातपूरच्या बाजूला सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली. निम्मी मुलं कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांच्या घरातली. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं. मूल शाळेत रमतं असं आपण म्हणतो खरं, पण ते आधी शाळेतल्या एका माणसापाशी रमतं. भिंतीवरचे हत्ती-जिराफ, बुटक्या रंगीत खुर्च्या, मण्यांचे डबे हे सगळं त्याला दिसायला लागतं ते त्या माणसानंतर.

हे मला एका मुलीच्या दप्तराने शिकवलं. ती दप्तर पाठीवरून काढायचीच नाही. दार दिसेल अशा जागी, भिंतीला टेकून, दोन्ही पट्टे मुठीत धरून बसायची. मी शिस्तीची बाई, रोज ते काढून खुंटीला लावायला जायचे आणि रोज रडारड. मग आमच्या मदतनीस मावशी म्हणाल्या, "राहू द्या हो बाई, तिला वाटतं आत्ता बोलावतील, निघायची तयारी करून बसलीय ती." मी हात मागे घेतला. दप्तर पाठीवर ठेवून ती गाणी ऐकायची, दप्तरासकट घसरगुंडीवरून यायची, दप्तरासकट डबा खायची. अकरा दिवस. बाराव्या दिवशी हात धुवायला नळापाशी गेली, पट्टा ओला व्हायला लागला, तशी तिने दप्तर उतरवलं आणि मावशींच्या हातात दिलं. शेजारीच मी उभी होते, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून फाटकापाशी तिला मावशींनी घ्यायचं असं ठरवलं आणि त्याच आठवड्यात तिचं रडणं संपलं.

तेव्हा तुमच्या शाळेत पहिली चौकशी ही करा: माझा मुलगा कोणाच्या मागे मागे असतो? टीचरच असतील असं नाही. मावशी असतील, पाणी देणारे दादाही असतील. ते माणूस सापडलं की विनंती करा की पुढचे दोन आठवडे फाटकापाशी त्याला त्यांनीच घ्यावं. रोज नवा हात पुढे आला की मुलाला रोज पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कोणाच्याच मागे नसतो असं उत्तर आलं, तर एक कोणीतरी नेमून द्यायला सांगा. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गातही हे जमतं, त्याला वेगळा खर्च लागत नाही.

आता सासूबाईंकडे येते, कारण तुमच्या प्रश्नातली खरी गाठ मला तिथे दिसते. तुम्ही लिहिलंय की मूल दिवसभर आजीपाशी असतं. म्हणजे तुम्ही सकाळी कामाला जाणं त्याला नवीन नाही, ते त्याने केव्हाच पचवलंय. नवीन आहे ते आजीशिवाय राहणं. आणि शाळेत पोचवायला येता तुम्ही! ज्या माणसावाचून त्याला राहायला शिकायचंय ते माणूस घरी दारात उभं राहून डोळे पुसतंय आणि "छळताय पोराला" म्हणतंय. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला शब्द नीट कळले नाहीत तरी आजीचा चेहरा बरोबर वाचता येतो. आजीलाच ती जागा बरी वाटत नसेल, तर तो तिथे जीव कसा लावणार?

म्हणून सासूबाईंना समजावत बसू नका, त्यांना शाळेत न्या. टीचर भेटू द्या, मोरी बघू द्या, मावशींशी दोन शब्द बोलू द्या. सोडायला तीन आठवडे आजींनाच जाऊ द्या आणि "मजा कर, मी डब्यानंतर येते" हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. शाळा परवानगी देत असेल तर दोन-तीन दिवस त्यांनी वर्गाच्या कोपऱ्यात बसावं. बसून मुलाला खेळवायचं नाही, आपलं काम करत राहायचं. आमच्याकडे एक आजी अशाच यायच्या, कापूस घेऊन वाती वळत बसायच्या. पहिल्या दिवशी नातू मांडीवर. दुसऱ्या दिवशी मांडीला टेकून ठोकळे. चौथ्या दिवशी आजींभोवती दुसरीच पाच पोरं कापूस पिंजत बसलेली आणि नातू अंगणात. जाताना त्यांनी त्याला हाक मारून सांगितलं, "मी निघाले रे." तो घसरगुंडीवरूनच म्हणाला, "बरं."

पालक वर्गात बसले की मुलं लाडावतात असं बऱ्याच शाळांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने मध्यंतरी जर्मनीहून फोन केला होता. तिकडच्या पाळणाघराने तिला सांगितलं, पहिले तीन दिवस तुम्ही मुलाजवळ बसायचं, सोडून जायचं नाही. चौथ्या दिवशी फार तर अर्धा तास बाहेर जाऊन बघायचं, आणि तो दिवस सोमवार नको. बर्लिनमध्ये १९८०च्या दशकात बसवलेली ही पद्धत तिकडे सर्रास वापरतात. आपल्याकडे तर याहून पुढचा विचार झालाय. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये पालघरकडच्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा मुलांनी शाळेत यायचं सोडून बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. ओळखीचं अंगण, ओळखीची माणसं. पुढे कोसबाडला त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी तेच वाढवलं. आज आपण अंगणवाडी हा शब्द सहज वापरतो, त्यात मुळात ही गोष्ट आहे. आपल्या इंग्रजी फलकाच्या नर्सऱ्या हे विसरल्या आणि फाटकावर रखवालदार बसवून मोकळ्या झाल्या.

तुमची शाळा आत येऊच देत नसेल तर निदान वेळ कमी करून मागा. एक आठवडा दहापर्यंत, मग अकरा, मग बारा. मुलाला रडता रडता न्यायचं नाही, रडणं थांबून खेळ सुरू झाला की न्यायचं. यासाठी ऑफिसातून दोन-चार दिवस अर्धी रजा काढावी लागली तर काढा, किंवा आणायला आजी जातील.

निरोपाबद्दल मी जरा कडक आहे. मुलाचं लक्ष नसताना सटकायचं नाही. "आई बाहेर बाकावर बसलीय" असं खोटं सांगायचं नाही. माझ्या पहिल्या वर्षी मीच एका आईला म्हटलं होतं, "तो मण्यांत गुंतलाय, निघा पटकन." त्याने मान वर केली, आई नाही. पुढचे पंधरा दिवस त्याने मण्यांना हात लावला नाही. मणी ओवायला बसलं की आई नाहीशी होते असं त्याच्या मनाने घेतलं. त्यातून तो दाराची कडी बघायला उठायचा, दर पाच मिनिटांनी. माझ्या त्या एका सूचनेमुळे त्या पोराचा जून-जुलै वाया गेला.

निरोप उघड घ्यायचा, पण लांबवायचा नाही. पापा, टाटा, हातातला हात त्या ठरलेल्या माणसाच्या हातात आणि पाठ फिरवून चालू पडायचं. रडलं तरी परत वळायचं नाही. वळलात, जवळ घेतलंत आणि पुन्हा सोडलंत, तर त्याने एकाच सकाळी दोनदा निरोप सोसला. खिडकीतून डोकावणं तर नकोच. हल्ली मोबाइलवर वर्गाचा कॅमेरा दिसतो, तोही पहिला महिना उघडू नका. नेमके रडण्याचे दहा सेकंद दिसतात आणि आईची सगळी सकाळ जाते.

"बारा वाजता येते" याला त्याच्या लेखी काही अर्थ नाही, घड्याळ त्याला कळत नाही. क्रम मात्र कळतो. "गाणी होतील, डबा होईल, हात धुवाल, मग आजी." आणि मग आजी तिथे असायलाच हवी, पाच मिनिटं आधी. सगळी मुलं गेल्यावर एकटं उरणं मोठ्यांनाही सोसत नाही. व्हॅन किंवा रिक्षाकाका पहिला महिना नकोत. सोडणारं माणूसही तीन आठवडे एकच ठेवा. आमच्याकडे बाबांची पाळी बदलली की सोडायला कधी आई, कधी काका, कधी शेजारी, आणि त्या आठवड्यात हमखास रडं.

घरातली काही वाक्यं लगेच बंद करा. "खोड्या केल्यास तर शाळेत टाकीन" हे आजोबा लोकांचं लाडकं वाक्य आहे. "रडलास तर टीचर ओरडतील." "शहाणी मुलं रडत नाहीत." आणि चॉकलेटची लाच. चॉकलेट देऊन पाठवावं लागतं ती जागा वाईटच असणार, एवढं तर्कशास्त्र त्याला येतं.

उलटीचं म्हणाल तर पोटभर दूध आणि वर हमसून हमसून रडणं, उलटी होणारच. घरून निघण्याआधी तासभर काहीतरी कोरडं थोडं द्या, दूध दुपारवर ढकला. रविवारीही उलट्या होत असतील, ताप असेल, वजन उतरत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. शूकडेही लक्ष ठेवा. बरीच मुलं शाळेत तीन तास शू धरून ठेवतात, आणि करावी लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. घरी आल्याआल्या मोरीकडे धावत असेल, शू गडद पिवळी दिसत असेल तर हेच चाललंय. आग होते म्हणत असेल तर डॉक्टरांना दाखवा. घरचे शब्द टीचरना एका कागदावर लिहून द्या. तो पाण्याला काय म्हणतो, झोपेला काय, शी लागल्यावर काय करतो. आमच्याकडे एक मुलगा दिवसभर "भुर्र, भुर्र" म्हणत रडायचा. भुर्र जायचंय, म्हणजे घरी जायचंय, असं आम्ही धरून चाललो आणि त्याला दारापाशीही नेऊन आणलं. चौथ्या दिवशी आजोबांनी सांगितलं की त्यांच्या घरात भुर्र म्हणजे पंखा. डोक्यावरचा पंखा खडखडायचा, त्याला तो घाबरायचा. जागा बदलली, रडं संपलं. त्यात तुमची शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर पहिले दोन-तीन महिने टीचरनी त्याच्याशी मराठीतच बोलावं असा हट्ट धरा. रडणाऱ्या मुलाला परक्या भाषेत समजूत पटत नाही.

कपड्यांना बटणं, पट्टे, चेन नकोत, इलॅस्टिकची चड्डी बरी, ती त्याची त्याला काढता येते. डब्यात नवीन पदार्थ नको, रोजचीच तूप-साखर-पोळी चालेल. रेनकोट मात्र घरी चार-पाचदा घालून-काढून सराव करा. जूनच्या अंधारलेल्या सकाळी ओला रेनकोट डोक्यावरून ओढताना निम्मी पोरं रडायला लागतात, आणि एकाचं बघून बाकीची. आजीच्या जुन्या सुती साडीचा हातरुमालाएवढा तुकडा खिशात द्या. त्याला घरचा वास असतो. कोणी हसलं तर हसू दे.

आता टीचरचं "दोन मिनिटांत गप्प होतो." खरं असेल. पण गप्प होऊन पुढे काय करतो? इंग्लंडमध्ये १९५०च्या सुमारास बालमनाचा अभ्यास करणाऱ्या जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईवाचून ठेवलेली लहान मुलं बघितली होती. त्या काळी आईला भेटायला फार थोडा वेळ देत. त्यांना दिसलं की मूल आधी आकांत करतं, मग खिन्न होतं आणि शेवटी कोणाशीच देणंघेणं नसल्यासारखं वागतं. त्या शेवटच्या अवस्थेला नर्सेस "छान रुळलं" म्हणायच्या. ती मुलं दिवसचे दिवस एकटी होती, तुमचा तीन तास असतो, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण मला रडणाऱ्या मुलाची कधी फार काळजी वाटली नाही. कोपऱ्यात गप्प बसून अंगठा चोखणारं, डबा न उघडणारं, कोणी उचललं तर लाकडासारखं उचललं जाणारं मूल असेल तर मी त्याच्यापाशी जाऊन बसायचे. फाटकापाशी रडतो, मग मावशींना बिलगतो, मग मुसमुसत का होईना मातीत खेळतो, असं असेल तर गाडी रुळावर आहे.

दुपारी घरी आल्यावर तो चिडचिड करेल, वाटी फेकेल, आजीला मारेल, रात्री अंथरूण ओलं करेल. तीन तास धीर धरून आल्यावर माणूस कुठेतरी सांडणारच, आणि तो आपल्याच माणसापाशी सांडतो. "आज काय शिकवलं?" हा प्रश्न त्या वेळी विचारू नका. खायला द्या, मांडीवर घ्या, झोपू द्या. दोन-तीन आठवड्यांत हे ओसरतं. सगळं सुरळीत झाल्यावरही सोमवारी, पहिल्या पावसाळी तापानंतर, गणपतीच्या सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर थोडं रडं परत येईल. दर वेळी आधीपेक्षा कमी दिवस टिकेल.

थांबवायचं कधी? शाळेत पोचवणारं माणूस आणि घेणारं माणूस पक्कं करून, वेळ कमी करून, तिथून चार ते सहा आठवडे नेटाने गेले आणि तरीही तिथे कोणीच त्याला शांत करू शकत नाही, तो तिथे खातही नाही, खेळतही नाही, तर खुशाल काढा. दिवाळीनंतर बघा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण होणारं मूल नर्सरीत बसतं. म्हणजे एकाच वर्गात जूनमध्ये अडीच वर्षांचं मूल असतं आणि जवळजवळ साडेतीनचंही. साडेतीनच्या मुलाने जेवढं आयुष्य जगलंय त्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग अडीचच्या मुलाने अजून बघितलेला नाही. तुमचा ऑक्टोबरचा, म्हणजे धाकट्यांतला. सक्तीचं शिक्षण कायद्याने सहाव्या वर्षापासून आहे, नर्सरीचं एक वर्ष हुकलं म्हणून काही अडत नाही. फक्त रोज सकाळी भांडण होऊन, आज पाठवू उद्या नको असं करू नका. त्याने मूल भांबावतं. काढायचं तर एकदा ठरवून काढा, चालू ठेवायचं तर रोज न्या.

आणि सुरुवातीला म्हटलं होतं ते. एका विशिष्ट माणसाचं नाव काढताच घाबरणं, कपडे काढू न देणं, अंगावर न समजणाऱ्या खुणा, झोपेतून दचकून "नको, नको" ओरडणं, यांतलं काही दिसलं तर महिनाभर वाट बघायची नाही. शाळेत त्याच दिवशी जाऊन विचारा, आणि समाधान होईपर्यंत पाठवू नका. मुलाला "अमक्याने मारलं का?" असं त्याच्या तोंडात घालू नका. "मग काय झालं?" एवढंच विचारून ऐकत राहा.

या सोमवारी आजींना सोबत घेऊन जा. तुम्ही फाटकाबाहेर थांबा, आत त्यांना जाऊ द्या. आणि बाराला आणायला गेल्यावर टीचरना "आज रडला का?" असं विचारू नका, हो-नाहीच्या पुढे काही कळत नाही त्यातून. दप्तर पाठीवर होतं की खुंटीवर, ते विचारा.